गच्चीवरची माळ

आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात ‘बारमाही कोमट पाण्याचा तलाव’ असं छापलेलं आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. थंडी सोडून इतर वेळी पाणी कोमट ठेवणं आमच्या कसब्यातल्या हौदालाही जमत होतं, त्याला कुणी माहितीपत्रक काढलं नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, गेल्या हिवाळ्यात ते पाणी खरंच कोमट होतं. म्हणूनच तर मी या भानगडीत पडले.

मी नीरजा, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. कसबा पेठ सोडून हडपसरला आले ती धाकट्या भावासाठी. आनंद इथल्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. त्याला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा तो वर काढतो. लग्नं आम्हा दोघांचीही झाली नाहीत. कारणं वेगवेगळी, आणि तो विषय संपलेला आहे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, जमिनीवर यांचं वजन यांनाच पेलत नाही, छातीभर पाण्यात पेलेल. पण पाणी कोमट हवं. गार पाण्यात स्नायू आखडतात, मग फायद्याऐवजी तोटाच. झालं. साठी उलटल्यावर मी मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोहण्याचा पोशाख घेतला. मला पोहता येत नाही. मी नुसती आनंदच्या शेजारी पाण्यात उभी राहायचे आणि वर्गात ओरडायचे तशी ओरडायचे, “उजवा! उजवा पाय उचल!”

आणि तो उचलायचा. आधी दोन्ही हातांनी कठड्याला धरून, मग एका हातानं, मग माझ्या खांद्याला नुसतं बोट लावून. नवरात्र बसलं त्या सुमाराला आनंद कशालाही न धरता तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत चालत गेला. पलीकडे पोचल्यावर वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “उद्या.” रोज पाण्यातून निघताना तो एवढंच म्हणायचा. उद्या म्हणजे उद्या परत यायचं, उद्या आजच्यापेक्षा जास्त. त्या एका शब्दावर आमचं घर चाललं होतं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं ज्याच्या जिवावर, ते यंत्र क्लब हाउसच्या गच्चीवर आहे. काळ्या नळ्यांच्या मोठमोठ्या चटया उन्हात पसरलेल्या. खालच्या खोलीतला पंप तलावाचं पाणी वर चढवतो, ते नळ्यांतून फिरून तापतं आणि खाली येतं. पंप कधी सुरू व्हायचा ते एक छोटी पेटी ठरवते. तिच्यावर दोन आकडे दिसतात, एक वरच्या सेन्सरचा, एक तलावाच्या पाण्याचा. वर खालच्यापेक्षा चांगलं तापलं की पंप सुरू, ऊन उतरलं की बंद. हे मला संभाजीनं समजावलं. संभाजी या यंत्राची देखभाल करतो. इथलाच, ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे त्यांच्या भावकीतला.

“लई साधं मशिन हाय, मॅडम. बिघडण्यासारखं त्यात काय नाय,” असं तो म्हणाला होता. माणसानं असं काही मोठ्यानं बोलू नये.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि पाणी रोज थोडं थोडं गार लागू लागलं. आधी वाटलं, आपल्यालाच थंडी वाजतेय. मग आनंदच्या मांडीचा स्नायू पाण्यात थरथरायला लागला. मी खाली पंपाच्या खोलीत जाऊन बघितलं तर भर उन्हात पंप गप्प. दुपारी केव्हातरी सुरू व्हायचा, आणि तोवर बी विंगची सावली गच्चीवर यायची. म्हणजे पंक्ती उठल्यावर वाढपी हजर.

संभाजी आला. पंप उघडून बघितला, पंप चांगला. पेटी बदलली, तरी तेच. दोन चटया ठिबकत होत्या त्या बदलल्या. सेन्सरची तार खालच्या टोकाला तपासली आणि म्हणाला, रीडिंग तर बरोबर येतंय. त्याच्याबरोबर एकदा मीही लोखंडी शिडीनं गच्चीवर चढले. धाप लागली. वर त्या नळ्यांच्या टोकाशी, जिथं जाड पाइप वळतो, तिथं कुणीतरी दसऱ्याची झेंडूची माळ घातलेली होती. भरपूर वेढे, वर लाल फडकं, सुकून तपकिरी झालेली. मला बरं वाटलं. या काचेच्या इमारतींतही खंडेनवमीला कुणाला तरी यंत्राची आठवण राहिली. मी हात जोडले. संभाजीनंही जोडले.

घरी येऊन आनंदला सांगितलं, “कुणीतरी तुझ्या पाइपाला माळ घातलीय रे. मी नमस्कार करून आले, आता तरी तापू दे म्हणावं.” तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मला वाटलं, मी शिडी चढल्याचं हसतोय.

मग संभाजीनं एक उपाय काढला. पंप हातानंच चालू करायचा, आणि ऊन उतरलं की आठवणीनं बंद करायचा. हे काम नागोरावांकडे आलं. नागोराव आमचे वॉचमन, वाशिमकडचे, वयस्क, सरळ माणूस. पहिले काही दिवस जमलं, पाणी जरा सुधारलं. मग एका संध्याकाळी ए विंगची लिफ्ट अडकली, आत मुलं रडत होती, त्या गडबडीत नागोराव पंप विसरले. रात्रभर तलावाचं पाणी उघड्या गच्चीवर फिरत राहिलं, आणि जे यंत्र दिवसा पाणी तापवतं तेच रात्री ते गारठवतं.

सकाळी आम्ही उतरलो. पाय टाकल्या टाकल्या मला कळायला हवं होतं. पण आनंद म्हणाला, “चल,” आणि मी चालले. मध्यावर त्याचा उजवा पाय आखडला. पोटाशी वळला तो सुटेना. त्याचं तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि तो पाण्याखाली गेला. मी त्याची बंडी धरली होती, ती हातातून सुटली. छातीभर पाणी होतं हो! छातीभर पाण्यात माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता आणि मला खाली वाकताही येत नव्हतं. मी किंचाळले. नागोरावांनी गणवेशासकट, बुटांसकट उडी मारली.

त्यानंतर आनंद पाण्यात उतरला नाही. बाईंनीही सांगितलं, पाणी तापल्याशिवाय नाही. घरातल्या घरात व्यायाम चालू ठेवले, पण पाय दिवसेंदिवस लाकूड होत गेला. तो खिडकीशी बसून राहायचा. ‘उद्या’ हा शब्द घरातून गेला.

मला दुःख झालं की मी रडत नाही, मी चिडते. सोसायटीच्या ग्रुपवर मी संभाजीबद्दल लिहिलं. ‘ज्यांना सूर्य कुठून उगवतो हे माहीत नाही त्यांच्याकडे सौरयंत्र दिल्यावर दुसरं काय होणार?’ बऱ्याच जणांनी खाली पसंतीचे अंगठे टाकले. संभाजी यायचा बंद झाला. आमच्या चेअरमनना तेच हवं होतं. अभिनव, तिशीतला, आयटीतला, वागायला अगदी गोड. त्याला गच्ची मोकळी हवी होती, वाढदिवसांना आणि पार्ट्यांना.

“काकू, लॉजिकली बघा ना,” तो मला म्हणाला, “विंटरमध्ये पूल वापरतं कोण? तुम्ही दोघंच. आणि सिस्टिम तर डेड आहे. संडेला मीटिंगमध्ये क्लोज करून टाकू विषय. व्हेंडरही काढू, पॅनेल्सही काढू.”

“आणि आम्हालाही,” मी म्हटलं. “तीही जागा मोकळी होईल.”

तो हसला. टोमणा कळला नाही की कळूनही हसला, देव जाणे.

शनिवारी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर मी पंपाच्या खोलीत गेले. का गेले, सांगता येणार नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसतात तशी गेले. पंप गप्प होता. पेटीवर वरचा आकडा एकोणीस, खालचाही जवळपास तेवढाच. मग वाटलं, उद्या काढायचंच आहे तर एकदा वर जाऊन बघून येऊ.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. मी त्या काळ्या चटईवर हात टेकला आणि झटकन काढला. हात पोळला. पापड भाजला असता तिथं.

मी उभीच राहिले. एकोणीस अंशाला हात पोळत नाही.

आयुष्यभर मी सातवीच्या वर्गाला शिकवलं, हवेचं तापमान मोजायचं तर तापमापक सावलीत ठेवतात, उन्हात ठेवला तर तो हवेचं नाही, उन्हाचं मोजतो. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीचं चित्र फळ्यावर काढून काढून माझी बोटं झिजली. या यंत्राला उन्हाचं तापमान हवंय. आणि ते सांगतंय हवेचं. म्हणजे त्याचा तापमापक सावलीत आहे. आता गच्चीवर सावली कुठं होती? एकाच ठिकाणी. माळेखाली.

मी पाइपाच्या टोकाशी गेले. लाल फडक्याला हात लावताना बिचकले, ते कबूल करते. दुसऱ्यानं देवाला घातलेलं आपण काढायचं नसतं, हे हाडात मुरलेलं. “क्षमा कर बाबा,” म्हणत गाठ सोडली. फडकं आतून अजून दवानं ओलसर होतं. त्याखाली झेंडूचा गच्च गुंडाळा, आणि त्याच्या पोटात, गार सावलीत, बोटाच्या पेराएवढा तो सेन्सर बसलेला. दसऱ्याच्या वेळी हवाच गरम होती, म्हणून त्यातूनही भागत होतं. थंडी पडली तशी ती माळ त्याला ऊन लागू न देणारी गोधडी झाली.

मी माळ सोडून हातात घेतली आणि वाट बघत उभी राहिले. थोड्या वेळानं खाली पंप घुरघुरला. मग माझ्या पायाशी त्या नळ्यांमध्ये पाणी चढायला लागलं, खळखळ खळखळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी गच्चीवर एकटी उभी राहून मोठमोठ्यानं हसले.

हसू संपल्यावर हातातल्या माळेकडे लक्ष गेलं. फार वेडीवाकडी ओवलेली होती. काही फुलं देठातून, काही कडेनं, एक तर पाकळ्यांतूनच. दोऱ्याला जागोजागी गाठी. इतकं वाईट कुणी ओवत नाही. पहिलीतलं मूलही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मार्केट यार्डातून झेंडू आणला होता. तोरणाला बसले तर फुलं कमी. मी त्या फूलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आणि आनंदला तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी उजव्या हातासाठी मणी ओवायला दिलेले असत.

मी खाली उतरले. फाटकापाशी नागोराव होते. माझ्या हातात माळ बघून त्यांचा चेहरा पडला.

“काढली का बाई? पाप लागते ना.”

“कुणी बांधली होती?”

“म्याच. साहेबानं देल्ली. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही बजारात गेल्ता, तवा मले बोलावलं अन् म्हनलं, ‘वर. माळ.’ तेवढंच बोलता आलं त्याहीले. मंग म्याच जागा पायली. तो पाइपाचा वरचा कोपरा देवाच्या बैठकीवानी दिसला. वाऱ्यानं उडू नये म्हनून चांगले वेढे देल्ले, फडकं बांधलं.” मग हळूच म्हणाले, “काहून बाई? काई चुकलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुमचं काही चुकलं नाही.”

कारखान्यात असताना आनंद दर खंडेनवमीला मोठ्या कॉम्प्रेसरला स्वतः हार घालायचा. या यंत्रानं त्याला पायावर उभं केलं होतं. मेलेल्या हातानं त्यानं ती माळ ओवली, मला चोरून. मी वर जाऊन हात जोडून आले म्हटल्यावर तो हसला, ते त्याच्या माळेला नमस्कार झाला म्हणून हसला. आणि त्याच माळेनं त्याचं पाणी गोठवलं, त्याला बुडवलं, त्याचा पाय परत नेला. देवा, एवढी वाईट थट्टा कुणी शत्रूचीही करत नाही.

घरी गेल्यावर मी पिशवीत माळ घालून बाल्कनीत लपवली. आनंद खिडकीतून पंपाच्या खोलीकडे बघत होता. “चालू?” त्यानं विचारलं. त्याला आवाज ऐकू आला असणार. “हो, झाला बाई एकदाचा,” मी म्हटलं आणि आत गेले.

नुसतं एवढंच सांगून भागलं असतं तर सोन्याहून पिवळं. पण रविवारी संभाजीला काढणार होते, आणि बिघाड संभाजीचा नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मीच वळलेला. मी संभाजीला फोन केला. आधी त्यानं उचलला नाही, मग उचलला. मी माळेचं सांगितलं.

“दिसली होती मॅडम मला,” तो म्हणाला. “पण देवाचं म्हनून हात नाय लावला. वाटलं, फुलानं काय होतंय.”

“मलाही दिसली होती,” मी म्हटलं. “उद्या ये. आणि ग्रुपवर लिहिलं त्याबद्दल...”

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. मला मात्र ते राहू देता आलेलं नाही, अजूनही.

रविवारी क्लब हाउसमध्ये वीसेक माणसं जमली. आनंदनं हट्टानं चाकांची खुर्ची आणायला लावली. मी त्याला मागे, दाराशी बसवलं. अभिनवनं विषय काढला, तशी मी उभी राहिले आणि म्हटलं की यंत्र कालपासून चालू आहे, हात लावून पाणी बघा. दोघंतिघं उठून बघूनही आले.

“ग्रेट, काकू,” अभिनव म्हणाला. “पण मग इश्यू काय होता? संभाजीचा फॉल्ट होताच ना?”

संभाजी भिंतीशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तो सांगणार नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. रात्रभर मी ठरवलेलं वाक्य साधं होतं, आणि पोरांचं खोटं पकडण्यात हयात घालवलेल्या बाईला एक खोटं बोलायला अवघड जाऊ नये.

“त्याचा फॉल्ट नव्हता,” मी म्हटलं. “दसऱ्याला वरच्या सेन्सरवर माळ घातली होती. त्यामुळे त्याला ऊन लागत नव्हतं. ती माळ मी घातली होती. म्हातारपणी अक्कल गहाण पडते, माफ करा.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी “काय हे काकू” म्हणालं. मी खाली बसणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“खोटं.”

सगळे वळले. आनंद खुर्चीत पुढे झुकला होता. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की अभिनवनं पाण्याची बाटली उचलली.

“मी,” आनंद म्हणाला. डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर थापटलं. “माळ. मी.”

अभिनवनं बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, ठीक आहे, संभाजीच राहील, पॅनेल्सचं मार्चनंतर बघू. म्हणजे मार्चनंतर बघणारच. लोक भराभर उठले. संभाजी आनंदपाशी आला, त्याच्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “साहेब, मी बी हात जोडून गेलो हो.” आनंदनं त्याच्याकडे बघितलंच नाही.

लिफ्टमध्ये माझा बांध फुटला. “कुणी सांगितलं होतं तुला? पाइपाचे आभार मानायला? आणि मानायचे होते तर मला सांगायचं, मी धड जागी घातली असती!” मी ओरडत होते आणि रडत होते. सवय नसल्यामुळे दोन्ही एकदम येत होतं. “दोन महिने, आनंद! दोन महिने पाय गेला तुझा!”

तो आरशात बघत होता. लिफ्ट थांबली, दार उघडलं, तरी मी त्याची खुर्ची ढकलली नाही. तो म्हणाला, “खाली.”

“काय?”

“खाली चल. पाणी.”

तलावावर कुणी नव्हतं. पाणी अजून पुरतं तापलेलं नव्हतं, पण बोचत नव्हतं. नागोराव न सांगता काठावर येऊन उभे राहिले, या वेळी बूट काढून. मी आनंदला पायऱ्यांवरून उतरवलं. त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला, म्हणजे डाव्यानं धरला आणि उजवा मी धरून ठेवला. पहिल्या दिवशी होतो तसेच.

“उजवा,” मी म्हटलं. ओरडायला आवाज राहिला नव्हता. “उजवा उचल.”

त्यानं डोळे मिटले. त्याच्या खांद्यापासून सगळं अंग हललं, पण पाय नाही. पुन्हा. पुन्हा. वर गच्चीवरून पाइपातून पाणी खळखळत उतरत होतं, तलावाच्या तोंडाशी पडत होतं, आणि पाय तळाला चिकटल्यासारखा तिथंच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं नाही, पुसून संपलं नसतं.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, “चल, पुरे आज.”

त्याला पायऱ्यांशी आणलं. मी त्या शब्दाची वाट बघत होते, आणि तो येणार नाही हे मला माहीत होतं. त्यानं मान वर करून गच्चीकडे बघितलं. कारखान्यात पाळी सुरू होण्याआधी यंत्राकडे बघायचा तसं, डोळे बारीक करून.

“उद्या,” तो म्हणाला. मग थांबला, दम घेतला, पुढचा शब्द वर ओढला. “आधी... वर... बघून ये.”